गादी एकाची, कारभार दुसऱ्याचा

१७२७ साली निजामाने सातारच्या शाहू महाराजांची चौथाई अडवून धरली, तेव्हा त्याने पुढे केलेली सबब मोठी धूर्त होती. छत्रपती दोन आहेत, खरा कोण याचा निकाल आधी लागू द्या, मग पैसे कोणाला द्यायचे ते बघू, असे त्याचे म्हणणे. सातारला शाहू, पन्हाळ्याला संभाजी. दोघेही थोरल्या शिवाजी महाराजांचे नातू, दोघांचेही शिक्के चालू. निजामाने संभाजीला जवळ केले. पण पुढच्याच वर्षी पालखेडला बाजीरावाने त्याची कोंडी केली आणि मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने संभाजीचा हात सोडून दिला. परक्याने आपल्या सोयीसाठी दिलेली ती मान्यता सोय संपताच गेली. टिकणारी मान्यता घरातूनच आली. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला, वारणेच्या दक्षिणेचा मुलूख संभाजीकडे राहिला आणि शाहूंनी चुलतभावाचे राज्य वेगळे म्हणून मानले.

भाऊबंदकी मिटली, एवढाच या तहाचा अर्थ आपण शाळेत शिकतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, राज्य जन्मापासूनच कोणीतरी मानण्यावर उभे राहिले. आधी निजामाने मानले, मग सातारने, पुढे मुंबईकर इंग्रजाने. प्रत्येक मानणाऱ्याने मान्यतेच्या बदल्यात काहीतरी काढून घेतले आणि शेवटी उरले ते असे की गादी कोल्हापूरची, तिच्यापुढे मुजरा कोल्हापूरचा, तोफांची सलामी एकोणीस, आणि कारभाराचा शेवटचा शब्द मात्र दुसऱ्याचा. १७३१ पासून १ मार्च १९४९ पर्यंत या राज्यात जी बंडे, कट, खटले आणि चळवळी झाल्या, त्यांची हकिगत या पुस्तकात आहे. त्या सगळ्या एकाच ठिकाणी फुटल्या, असे मला वाटते. गादी आणि कारभार यांची फारकत जिथे झाली, तिथे.

अर्धवट मान्यतेचे राज्य म्हटले की आज आपल्यापुढे कोसोव्हो येते, उत्तर सायप्रस येते. हा विषय परदेशी वाटतो. राज्य कशाला म्हणावे याचा एक ठोकताळा १९३३ च्या मोन्तेविदेओ करारात घालून दिला आहे. कायमची वस्ती हवी, ठरलेला मुलूख हवा, सरकार हवे आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची ताकद हवी. या चार कसोट्या कोल्हापूरला लावून पाहाव्यात. वस्ती होती, मुलूख होता, सरकारही होते. चौथी गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीने तहातहांतून काढून घेतली. १८१२ च्या तहात मालवणचे बंदर गेले, चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडावा लागला, आणि बदल्यात संरक्षणाची हमी मिळाली. समुद्र गेला म्हणजे परक्या राज्यांशी बोलण्याचे दारच बंद झाले. मग १८२६ पासून १८२९ पर्यंत बावासाहेब महाराजांबरोबर एकामागून एक तह झाले. त्यांत फौजेवर मर्यादा आली, कोल्हापुरात आणि पन्हाळ्यावर इंग्रजांची शिबंदी आली आणि कारभारी नेमण्याचा हक्क इंग्रजांनी स्वतःकडे घेतला. पुढच्या सव्वाशे वर्षांची बखर या शेवटच्या कलमात सामावली आहे. एखाद्या राज्याचा मुलूख काढून घेतला तर ते राज्य लहान होते. कारभारी काढून घेतला तर त्या राज्यातल्या माणसाला गाऱ्हाणे सांगायला जागाच उरत नाही.

याचा पहिला मोठा पुरावा १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्याला दिला आहे, आणि तो योग्यच आहे. १८५७ बद्दल देशभर लिहिले-बोलले जाते. त्याच्या तेरा वर्षे आधी सामानगड, भुदरगड, पन्हाळा आणि पावनगड यांवर काय घडले, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसालाही नीट सांगता येत नाही.

घटना अशी. १८३८ मध्ये बावासाहेब वारले आणि गादीवर अल्पवयीन शिवाजीराजे, म्हणजे बाबासाहेब, आले. राजाची आई, चुलती दिवाणसाहेब आणि कारभारी मंडळी यांच्यात सत्तेची ओढाताण झाली, चुलतीने कारभार आपल्या हाती घेतला, खजिन्याची आबाळ झाली. इंग्रजांनी मग दाजी कृष्ण पंडित नावाचा आपल्या विश्वासातला माणूस कारभारी म्हणून बसवला. हा माणूस लाचखाऊ किंवा दुष्ट होता असे म्हणण्याला आधार नाही. त्याने हिशेब तपासले, खर्च आवरला, दुहेरी व्यवस्था मोडून एकेरी केली. गडांचा कारभार तोवर मुलुखाच्या कारभारापासून वेगळा चाले. गडकऱ्यांना पगाराऐवजी गडाखालच्या जमिनी लावून दिलेल्या होत्या आणि त्या जमिनींची देखरेख गडावरचीच माणसे करीत. पंडितांनी या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात दिल्या. कागदावर बदल एवढाच.

आता हाच बदल गडाखालच्या घरातून पाहावा. बाप गडावर पहाऱ्याला होता, आजा होता, त्याच्या आधीचा पुरुषही होता. पहाऱ्याच्या पाळीवरून उतरले की खाली स्वतःचे रान. त्या रानाचे धान्य घरात येते ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, गडाच्या चाकरीच्या हक्काने. हवालदार चुकला तर त्याच्या तोंडावर बोलता येते, कारण तो याच गडावरचा, याच गावचा. मामलेदार आला म्हणजे तो कचेरीतून आला. त्याला हुकूम कारभाऱ्याचा, कारभाऱ्याला हुकूम पोलिटिकल एजंटाचा, एजंटाला मुंबईचा. गडकऱ्याने तक्रार घेऊन जायचे कुठे? महाराज पोरवयाचे, राणीवशाच्या हातून सूत्रे गेलेली, आणि ज्याच्या हाती सूत्रे आहेत तो कोल्हापूरच्या गादीचा नोकरच नाही. गडकऱ्याची जमीन त्या दिवशी गेली नव्हती. पण ती ज्याच्या शब्दावर टिकून होती, तो शब्द देणारा माणूस गेला होता.

१८४४ च्या जुलैत सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड त्यांना मिळाला. बेळगावहून फौज आली, लढली, आणखी कुमक मागवावी लागली. कोल्हापूर शहरात बाबाजी आहिरेकर पुढे झाला. दाजी पंडितांनाच कैद केले गेले. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि पन्हाळ्यावर अडकून पडला. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला, नोव्हेंबरात भुदरगड, १ डिसेंबरला पन्हाळा आणि पावनगड. पन्हाळ्याच्या लढाईत आहिरेकर मारला गेला.

सामानगड गडहिंग्लजजवळ आहे. तिथे जांभा दगडात खोल खोदलेल्या विहिरी आहेत, कमानींखालून पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. पाण्याची एवढी सोय असलेल्या गडावर शिबंदीने दार लावले की ती दिवसच्या दिवस बसू शकते, हे तिथे गेल्यावर ध्यानात येते. गडकरी अविचाराने उठले नव्हते. पन्हाळ्याचा पुरावा मात्र नाहीशा झालेल्या गोष्टीचा आहे. कोल्हापूरहून चढणारा मोटारीचा रस्ता जिथे गडात शिरतो, तिथे चार दरवाजा होता. आज तिथे बाजूच्या काही भिंती आणि देवड्यांचे अवशेष तेवढे शिल्लक आहेत. दरवाजा काळाने पडलेला नाही, १८४४ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तो पाडला. हजारो लोक दर रविवारी तिथून गाड्या घेऊन वर जातात, झुणका-भाकर खातात, तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहतात. आपण एका पाडलेल्या दरवाजातून आत आलो, हे तिथे एखाद्या ठळक पाटीने सांगायला हवे. मला हे मनापासून वाटते.

उठाव मोडल्यावर गडांचे तट फोडले गेले, वंशपरंपरेची गडकरी शिबंदी संपली, राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या थेट देखरेखीखाली गेला. आणि मोहिमेचा खर्च कोल्हापूरच्या खजिन्यावर लादला गेला. म्हणजे गडकऱ्यांच्या रानातून आलेल्या वसुलीतून गडकऱ्यांना मोडणाऱ्या फौजेचे पैसे फेडले गेले. ज्यांना या काळाबद्दल 'इंग्रजांनी व्यवस्था तरी लावली' असे वाटते, त्यांनी हा हिशेब जरूर वाचावा.

उठावात गडकऱ्यांनी राजाविरुद्ध घोषणा दिली नाही. त्यांनी दार लावले ते राजाच्या नावाने. कोल्हापूरच्या पुढच्या सगळ्या असंतोषात हीच गोष्ट दिसते. गादीला मुजरा आणि कारभाऱ्याला विरोध. इंग्रज अधिकाऱ्यांना हे ढोंग वाटे; राजाच्या नावाखाली आपला स्वार्थ साधणारी माणसे, असे ते समजत. मला ते ढोंग वाटत नाही. मान्यता ज्याला आहे त्याच्याकडे अधिकार नाही आणि अधिकार ज्याला आहे त्याला आपण मानत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला दुसरी भाषा कुठून येणार?

१८५७ ची हकिगत मी थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ३१ जुलैच्या रात्री २७ वी देशी पलटण उठली. इंग्रज अधिकारी ले ग्रँड जेकब आला आणि त्याने पलटणीची शस्त्रे काढून घेतली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहरच उठले, वेशी बंद झाल्या, आणि फिरंगोजी शिंदे त्या झुंजीत पडले. संशयाची सुई महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर गेली. त्यांना कराचीला नेऊन ठेवले. १८६९ मध्ये ते तिथेच वारले. थोरला भाऊ तहाला धरून राहिला, धाकटा हद्दपार झाला. एकाच वाड्यात दोन भावांच्या वाटणीला गादी आणि बंड असे वेगवेगळे आले. आज चिमासाहेबांच्या नावाचा चौक शहरात आहे. ज्या वेशी तेव्हा बंद झाल्या त्या कधीच पाडून झाल्या, पण गंगावेश आहे, रविवार वेश आहे, आणि आमच्या शिवाजी पेठेत टपाल अजूनही 'वरुणतीर्थ वेश' या पत्त्यावर येते.

१८६२ च्या तहाने बाबासाहेबांना अधिकार परत मिळाले, दत्तकाचा हक्क मिळाला. पण त्यानंतरचा काळ असा विचित्र आहे की कोल्हापूरची गादी सतत कोणाच्या तरी अल्पवयात, आजारात किंवा अकाली मरणात सापडली. राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असे ठरवून त्यांना माणसांच्या पहाऱ्यात ठेवले गेले, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा शेवट झाला. गादीला मान्यता होती, सलामी होती, दत्तकविधान कायदेशीर होते. पण गादीवरच्या माणसाच्या अंगाला कोण हात लावतो यावरही राज्याचा ताबा नव्हता.

याच प्रकरणात टिळक आणि आगरकर तुरुंगात गेले. दिवाण माधवराव बर्वे महाराजांना छळतात, असे 'केसरी' आणि 'मराठा'त छापून आले. त्याला आधार म्हणून मिळालेली पत्रे कोर्टात बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. आपण ही गोष्ट टिळकांच्या चरित्रातला पहिला तुरुंगवास म्हणून वाचतो. कोल्हापूरच्या बाजूने ती वाचायला हवी. एका राज्याच्या राजाचे काय चालले आहे हे त्या राज्यातल्या लोकांना सरळ विचारता येत नव्हते. विचारायला सभा नाही, मंडळ नाही, दिवाणाला प्रश्न करणारे कोणी नाही. मग प्रश्न पुण्याच्या वर्तमानपत्रात जातो, तिथे निनावी पत्रे पोचतात, खरे-खोटे एकत्र होते, आणि निकाल मुंबईच्या कोर्टात लागतो. बर्वे कसे होते हा वादाचा विषय राहील. पण जाब विचारण्याची वाट बंद असली की अफवा हीच बातमी होते, याचे एवढे स्वच्छ उदाहरण मराठी मुलुखात दुसरे नसेल.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांबद्दल या प्रस्तावनेत मी फार लिहीत नाही. १८९४ मध्ये त्यांनी अधिकार हाती घेतले आणि अर्ध्यामुर्ध्या सत्तेत काय करता येते याची सीमा त्यांनी दाखवून दिली. २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम ब्रिटिश मुलुखात कोणी काढू शकले नसते. संस्थान होते म्हणून तो निघाला. तेव्हा संस्थान म्हणजे नुसती बेडी होती, असे म्हणणेही खरे नाही. पण तो हुकूम राजाचा होता. राजा मोठा होता म्हणून हुकूम मोठा झाला. १९२२ मध्ये महाराज गेले आणि पुढचा राजा कसा असेल यावर रयतेचा काहीच जोर नव्हता.

हा जोर मागायला १९३९ साल उजाडावे लागले. हरिपुरा काँग्रेसने १९३८ मध्ये संस्थानी प्रजेने आपापल्या संघटना उभ्या कराव्यात असे ठरवले होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी जयसिंगपूरला कोल्हापूर प्रजा परिषद भरली. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार ही त्यातली ठळक नावे. मागणी जबाबदार राज्यपद्धतीची. इथे दोनशे वर्षांत प्रथमच प्रश्न बदलला. गडकऱ्यांचा प्रश्न होता, आमच्या राजाचा कारभारी कोणी नेमावा? प्रजा परिषदेचा प्रश्न होता, कारभाऱ्याने उत्तर कोणाला द्यावे? बागल हे शाहू महाराजांच्या परंपरेत वाढलेले, चित्रकार, लेखक, सत्यशोधकी वळणाचे. त्यांना महाराजांबद्दल आदर होता आणि तरीही दरबाराविरुद्ध उभे राहणे त्यांना भाग पडले. ही दुहेरी ओढ समजून घेतल्याशिवाय कोल्हापूरची चळवळ कळत नाही. याच बागलांच्या पुढाकाराने १९५० मध्ये बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तेही आंबेडकर हयात असताना.

त्याच १९३९ मध्ये औंधच्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या लहानशा संस्थानात सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली. कोल्हापूरपेक्षा कितीतरी लहान राज्य, पण तिथल्या राजाने करून दाखवले. आणि औंधच्याच मुलखातले कुंडल हे गाव पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे मोठे ठाणे झाले. १९४३ ते १९४६ या काळात वारणेच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यात, हे सरकार चालले. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड यांच्यासारखी तरुण पोरे त्यात होती. न्यायदान मंडळे बसत, तंटे मिटत, सावकार आणि गुंड यांना शिक्षा होत. या सरकारला जगातल्या कोणत्याही सत्तेची मान्यता नव्हती. तहनामा नाही, सलामी नाही, खजिना नाही. पण गावकऱ्याला आपला तंटा कोणापुढे न्यायचा हे ठाऊक होते. नदीच्या अलीकडे एकोणीस तोफांच्या मानाचे राज्य आणि पलीकडे बक्षीस लावून शोधली जाणारी माणसे. राज्य चालवणे म्हणजे काय याचा दोन्ही तीरांवरून एकदम विचार करावा, अशी संधी इतिहासात क्वचित मिळते. या पुस्तकात प्रतिसरकारवर स्वतंत्र प्रकरण नाही, पण वाचकाने ते मनात धरून ठेवावे.

अलीकडच्या तीरावर काय चालले होते, हे गारगोटीने दाखवले. १३ डिसेंबर १९४२ च्या रात्री भूमिगत कार्यकर्त्यांनी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला. गोळीबार झाला आणि सात जण पडले. गारगोटी भुदरगडाच्या मुलखात आहे, अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी जिथे गडकऱ्यांनी दारे लावली होती त्याच टापूत. 'चले जाव' ची हाक इंग्रजांना होती, पण कचेरी संस्थानची होती आणि गोळी झाडणारेही संस्थानचे. गडकऱ्यांना निदान फौज परक्याची आहे हे डोळ्यांनी दिसत होते. गारगोटीच्या हुतात्म्यांच्या वाट्याला तेवढीही स्पष्टता आली नाही. कोल्हापूर शहरात त्याच काळात राग निघाला तो गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर. तो विद्रूप केला गेला, फोडला गेला, आणि भालजी पेंढारकरांच्या खटपटीने १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. आजचा शिवाजी चौक तो हाच.

शेवटची दोन वर्षे दुःखाची आहेत आणि त्यांच्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. स्वातंत्र्य आले, संस्थानात लोकप्रतिनिधींचे मंत्रिमंडळ आले, आणि काही आठवड्यांतच गांधीजींचा खून झाला. कोल्हापुरात ब्राह्मणांची घरे जळाली, दुकाने लुटली गेली, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ आगीत गेला. शिवाजी चौकात पुतळा उभा करणाऱ्याच माणसाची आयुष्यभराची कमाई त्याच शहराने जाळली. ज्या सरकारची मागणी पिढीभर केली ते सरकार पहिल्याच संकटात रयतेचे रक्षण करू शकले नाही. हे लिहिताना पेठेतला माणूस म्हणून मला वेदना होतात. १९४८ च्या मार्चमध्ये भारत सरकारने आपला प्रशासक पाठवला, आणि १ मार्च १९४९ रोजी राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. कारभारी पुन्हा बाहेरून आला. फरक इतकाच की या वेळी पाठवणारे सरकार पुढे निवडणुकीने बदलता येणारे होते. हा फरक लहान नाही.

आता थोडे दूरचे. कोसोव्होमध्ये १९९९ पासून संयुक्त राष्ट्रांचे प्रशासन होते. तिथे स्थानिक सभा होती, पंतप्रधान होता, पण शेवटचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीचा. १० फेब्रुवारी २००७ रोजी प्रिश्टिनात लोकांनी मोर्चा काढला, संयुक्त राष्ट्रांच्या पोलिस दलातल्या रुमेनियन तुकडीने रबरी गोळ्या झाडल्या आणि दोन तरुण मेले. पोलिस मायदेशी परत गेले. खटला कोणावर उभा राहिला नाही. मोर्चाचा पुढारी आल्बिन कुर्ती कैदेत पडला. पुढच्या वर्षी कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केले. सुमारे शंभर देशांनी मानले, भारताने आजही मानलेले नाही. २०२० मध्ये तोच कुर्ती पंतप्रधान झाला. प्रिश्टिनाच्या मोर्चातल्या माणसाची अडचण सामानगडच्या गडकऱ्याला एका वाक्यात समजली असती. गोळी घालणारा ज्याला बांधील आहे, तो आपल्याला बांधील नाही.

आणि जवळचे. मागच्या दशकात कोल्हापुरात टोलविरोधी आंदोलन पेटले तेव्हा शिवाजी पेठेत मी ते रोज पाहत होतो. तालमीच्या दारातला फळा संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचा, खडूने मोर्चाची वेळ आणि ठिकाण लिहायचे, खाली 'सर्वांनी यावे' एवढेच. सही कोणाची नाही, पक्षाचे नाव नाही. सकाळी गांधी मैदानाकडून माणसे निघत. त्यांत पैलवान असत, भाजीवाल्या असत, कॉलेजची पोरे असत. लोकांचा राग पैशापेक्षा एका गोष्टीवर जास्त होता. रस्ता शहराचा, करार तिसऱ्याशी, निर्णय मुंबईत, आणि पावती फाडणारा पोरगा नाक्यावर; विचारायचे कोणाला? सर्वपक्षीय कृती समितीने तो प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आणि टोल शेवटी गेला. कोल्हापूरकर भांडखोर, असे बाहेरचे लोक म्हणतात. जाब देणारा माणूस समोर नसला की हे शहर उठते. ही सवय त्याला फार जुनी आहे, आणि या पुस्तकातली पाने वाचल्यावर ती कुठून आली ते कळेल.

संस्थानिकांची राज्ये गेली तरी राष्ट्रपतींकडून राजा म्हणून मान्यता मिळण्याची तरतूद राज्यघटनेत होती. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तीही गेली आणि तनखेही बंद झाले. मान्यता नावाची जी वस्तू १७२७ मध्ये निजामाने सौद्यात ठेवली होती, तिचा कायद्यातला शेवट तो. गादी मात्र राहिली, दसऱ्याला सोने लुटायला दसरा चौकात लोक येतातच. २०२४ मध्ये या गादीचे वारस शाहू छत्रपती लोकसभेला उभे राहिले आणि दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. मते मागायला ते पेठापेठांतून फिरले.

या पुस्तकात एक उणीव आहे आणि ती पुढच्या खंडात भरून निघावी अशी माझी इच्छा आहे. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरी कोल्हापूरच्या छत्राखाली होत्या, पण इंग्रजांची नजर त्यांच्यावर वेगळी होती. म्हणजे तिथल्या कुळाच्या डोक्यावर जहागीरदार, दरबार आणि रेसिडेन्सी अशा तीन सत्ता. शहरातल्या माणसाचे गाऱ्हाणे निदान पुण्याच्या वर्तमानपत्रापर्यंत पोचले. बावड्याच्या डोंगरातल्या कुळाचे कुठे पोचले? वेठ, वसुली, जंगलातली लाकूडफाट्याची बंदी यांबद्दलचे अर्ज मोडीत लिहिलेले असणार. असे कागद ज्यांच्या घरी माळ्यावर, देवघरात किंवा जुन्या पेटीत असतील, त्यांनी ते वाळवी लागायच्या आत कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दाखवावेत. फाटका कागदही चालेल.

शिवाजी पेठ, कोल्हापूर